धन लागलं, वाटणी राहिली

वऱ्हाडात एखाद्याच्या घरावर अचानक माडी चढली, की पारावर एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘त्याले धन लागलं.’ सापडलं असं कुणी म्हणत नाही. विहिरीला पाणी लागतं, तसं धन लागतं. ते जमिनीच्या पोटात आहेच, फक्त कुदळ नेमक्या जागी पडायला हवी, हा विश्वास त्या एका क्रियापदात शिगोशीग भरलेला आहे.

तो हवेतून आलेला नाही. त्याच्यामागे खरा इतिहास आहे, आणि तो पाहायचा तर बुलढाणा जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाला, धाडच्या बाजूला यावं. बुलढाण्याहून भोकरदनकडे निघालं की धाड लागतं आणि थोड्याच अंतरावर जालना जिल्ह्याची हद्द येते. आज ती दोन जिल्ह्यांमधली एक रेघ आहे. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, तेव्हापासून ती दोन राजवटींमधली रेघ झाली. अलीकडे वऱ्हाड, पलीकडे मोगलाई. गावाचं नाव कशावरूनही पडलेलं असो, मराठी कानाला ते ऐकल्याबरोबर घोड्यांच्या टापा आठवतात. धाड पडणं म्हणजे काय, हे या मुलखाला शब्दकोशातून शिकावं लागलं नाही.

अठराव्या शतकाच्या शेवटी इथला माणूस आपली पुंजी कुठे ठेवत असेल? बँक नव्हती. सावकाराचं घर हे धाडीचं पहिलं ठिकाण. निजामाचा अंमलदार एका बाजूने वसूल करी, मराठ्यांचा कमाविसदार चौथाईसाठी दुसऱ्या बाजूने येई, आणि मग पेंढारी येत, ज्यांच्यापाशी कागदही नसे आणि हद्दही नसे. म्हणून गावाने पांढऱ्या मातीची गढी उभारली. धान्य पेवात गेलं. पेवाचं तोंड असं बुजवायचं, की वरून गुरं चालली तरी कळू नये. आणि नाणी, दागिने, चांदीची भांडी तांब्याच्या हंड्यात घालून चुलीखाली, गोठ्यात, उंबऱ्याजवळ पुरली गेली. पुरणारा माणूस कधी पटकीने मेला, कधी गाव सोडून गेला तो परतलाच नाही. जागा एकालाच ठाऊक असायची, नाहीतर ती जागा राहिलीच नसती. अशी धनं जमिनीत राहिली, आणि त्यांच्यावर नाग बसले, ती रात्री चालू लागली, खणखणू लागली.

मग शोधणारे आले. जन्मताना आधी पाय बाहेर आलेला तो पायाळू. त्याच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीतलं धन दिसतं, अशी समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आली. अमावास्येच्या रात्री गढीच्या बुरुजाला भोकं पडतात. शेताच्या बांधावरचा नंदी सकाळी उलथलेला दिसतो, महादेवाची पिंड जागेवरून सरकवलेली असते आणि तिच्याखाली पुरुषभर खड्डा असतो. हे खड्डे पाहिले की मला चोरीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं वाईट वाटतं. आठशे-नऊशे वर्षं जी वास्तू पावसाने पाडली नाही, ती कुणाच्या तरी स्वप्नातल्या हंड्यासाठी एका रात्रीत ढासळते.

या वेडाचं जगातलं सर्वांत खरं चित्र मी पडद्यावर पाहिलं ते मेक्सिकोतलं. आपल्याकडे या जातीचा चित्रपट म्हटला की ‘मॅकेन्नाज गोल्ड’ आठवतो. १९६९चा, ग्रेगरी पेक आणि ओमर शरीफ यांचा. सूर्योदयाला एका सुळक्याची सावली लांबत जाते आणि सोन्याच्या दरीची वाट दाखवते, हे दृश्य आपल्या वडिलांच्या पिढीने डोळे विस्फारून पाहिलं. विल हेन्रीच्या ज्या कादंबरीवर तो बेतला, तिच्यामागे न्यू मेक्सिकोतल्या ‘अ‍ॅडम्सच्या हरवलेल्या खाणी’ची दंतकथा आहे. म्हणजे तिकडच्या वाळवंटातही धन ‘लागत’ होतं. पण मी म्हणतोय तो चित्रपट त्याच्या एकवीस वर्षं आधीचा. जॉन ह्यूस्टनचा ‘द ट्रेझर ऑफ द सिएरा माद्रे’, १९४८. बी. त्रावेन या, स्वतःची ओळख जन्मभर लपवून ठेवलेल्या लेखकाच्या १९२७च्या कादंबरीवरचा.

तीन कंगाल अमेरिकन मेक्सिकोच्या डोंगरात सोनं शोधायला जातात. सोनं लागतं. तोवर सगळं ठीक असतं. कष्ट वाटून घेतले जातात, पाणी वाटून घेतलं जातं. पहिली भुकटी हातात आली की एक प्रश्न उभा राहतो, रोजच्या रोज वाटायचं की शेवटी? ते रोज वाटायचं ठरवतात, आणि त्या रात्रीपासून प्रत्येकजण आपला वाटा लपवायला स्वतंत्र जागा शोधतो. डॉब्स, म्हणजे हंफ्री बोगार्ट, मध्यरात्री उठून आपली जागा तपासतो, आणि दुसरा कुणी तंबूबाहेर पडला की त्याच्या पोटात गोळा उठतो. ह्यूस्टनने ओळखलेली गोष्ट ही, की सोनं शोधताना माणसं एकत्र येतात आणि वाटणीच्या वेळी मोडतात. त्यातला म्हातारा हॉवर्ड, ह्यूस्टनचे वडील वॉल्टर यांनी केलेला, निघताना आग्रह धरतो, की डोंगराला आपण जखम केली आहे, ती बुजवूनच जायचं. खाण बुजवायला ते दिवस खर्च करतात. आपल्या गढ्यांच्या खणलेल्या बुरुजांकडे पाहताना मला हा म्हातारा आठवतो.

पुरलेल्या धनापेक्षा त्याच्या वाटणीची गोष्टच मोठी असते, याचा पुरावा धाडच्या परिसरातच आहे. त्यासाठी १८०३च्या सप्टेंबरात जायला हवं.

आदल्या वर्षी, ३१ डिसेंबर १८०२ला, दुसऱ्या बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह केला आणि पेशवाईची दोरी त्यांच्या हाती दिली. दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांना तो मान्य होणं शक्य नव्हतं. ऑगस्टमध्ये लढाई जुंपली. १२ ऑगस्टला आर्थर वेलस्लीने अहमदनगरचा किल्ला घेतला. शिंदे-भोसल्यांच्या फौजा अजिंठ्याचा घाट चढून निजामाच्या मुलखात उतरल्या आणि जालन्यापर्यंत गेल्या. घोडदळ हजारोंनी, त्यामागे बाजारबुणगे, हत्ती, बैल, तोफा. अशी फौज ज्या वाटेने जाते त्या वाटेवर उभं पीक राहत नाही. घाटमाथ्यावरच्या गावांनी त्या दिवसांत किती हंडे जमिनीत ढकलले असतील, याची कल्पनाच करावी.

२१ सप्टेंबरला बदनापूरला वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांची भेट झाली. दोघांनी डोंगराच्या दोन बाजूंनी जायचं आणि २४ तारखेला भोकरदनजवळ मराठ्यांना मिळून गाठायचं, असा बेत ठरला. पण २३ तारखेला वेलस्ली नळणीला मुक्कामाच्या तयारीत असतानाच कळलं, की मराठे भोकरदनपासून असईपर्यंत खेळणा नदीच्या पलीकडे पसरले आहेत, अगदी जवळ. त्याने स्टीव्हन्सनची वाट पाहिली नाही. तो तेव्हा ३४ वर्षांचा होता.

पुढची हकिगत लष्करी शाळांतून शिकवली जाते. खेळणेला उतार नाही, असं वाटाड्यांनी सांगितलं. वेलस्लीला दुर्बिणीतून नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. माणसं अशी समोरासमोर वस्ती करतात ती येण्या-जाण्याची सोय असल्याशिवाय नाही, असा त्याने कयास बांधला आणि तिथे उतार निघाला. खेळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात त्याने फौज घातली. समोर हॅनोव्हरचा पोलमान, शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सरदार. त्याच्या हाताखाली अकरा हजारांच्या आसपास पायदळ, त्यात बेगम समरूच्या पलटणीही, आणि शंभराच्या घरात तोफा. त्या पलटणी डोळ्यांदेखत वळल्या आणि नव्या बाजूला तोंड करून उभ्या राहिल्या. एवढी सफाई वेलस्लीने अपेक्षिली नव्हती. मराठी गोलंदाज तोफांशेजारीच मेले. इंग्रजांची रांग पुढे गेल्यावर मेल्याचं सोंग घेतलेले काही उठले आणि त्यांनी मागून मारा केला. ७४वी हायलँडर पलटण असईच्या तटाखाली जवळजवळ संपली. तिचे बहुतेक सगळे अधिकारी मारले गेले वा जखमी झाले. संध्याकाळपर्यंत इंग्रजांकडचे १५८४ लोक ठार, जखमी वा बेपत्ता झाले होते. ९८ तोफा त्यांच्या हाती आल्या. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, वॉटर्लूला नेपोलियनशी लढला, आणि म्हातारपणी आपली सर्वांत चांगली लढाई कोणती असं विचारल्यावर या खेड्याचं नाव घेत राहिला.

असईच्या रानात त्या दिवशी वेलस्लीबरोबर आणखी एक तरुण होता. चोविशीला टेकलेला, फारसी-मराठी जाणणारा, नुकताच जनरलच्या दिमतीला आलेला. खरं तर त्या जागेवर जॉन माल्कम असायचा, पण तो आजारी पडला म्हणून हा आला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन त्याचं नाव. वेलस्ली, एल्फिन्स्टन, माल्कम, ही तीन नावं लक्षात ठेवायची. दख्खनच्या धनाची वाटणी पुढे याच तिघांच्या हातून जाणार होती.

जखमींना अजिंठ्याच्या कोटात नेलं आणि तिथे इस्पितळ मांडलं. डिसेंबरात गाविलगड पडला. देवगावच्या तहाने भोसल्यांचा वर्धेच्या पश्चिमेकडचा वऱ्हाड निजामाकडे गेला, सुर्जी अंजनगावला शिंद्यांनी सही केली. आणि मग दुष्काळ आला. १८०३-०४चा तो काळ दख्खनने कधी विसरू नये असा. पाऊस फसला होता, आणि जे उगवलं ते फौजांच्या घोड्यांनी खाल्लं होतं. ज्यांनी नाणी पुरली होती त्यांनी ती उकरून काढली असतील, तरी त्यांना विकत घ्यायला दाणा मिळाला नसेल. या मातीतल्या कित्येक हंड्यांचे मालक तेव्हाच संपले असावेत, असं मला मनापासून वाटतं. नागाने राखलेलं धन आपण म्हणतो, ते बहुधा भुकेने मेलेल्या माणसाचं असतं.

आता वाटणीकडे. त्या काळच्या इंग्रज फौजेत लूट ही शिक्षेची गोष्ट होती आणि ‘प्राइझ’ ही हक्काची. शिपायाने स्वतःसाठी घेतलं तर ती लूट. तेच सगळं एकत्र करून, ‘प्राइझ एजंटां’नी लिलावात विकून, हुद्द्याप्रमाणे वाटलं तर ते प्राइझ. १७९९ला श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा टिपूच्या खजिन्यातून सेनापती हॅरिसच्या वाट्याला १ लाख ४० हजार पौंडांहून अधिक रक्कम आली. वेलस्लीला सुमारे ४ हजार पौंड. साध्या गोऱ्या शिपायाला सातेक पौंड, हिंदी शिपायाला त्याहूनही कमी. मेक्सिकोच्या डोंगरात तिघे जण तराजूने तीन सारखे ढीग तरी करत होते.

१८१७च्या नोव्हेंबरात इंग्रज-मराठ्यांचं शेवटचं युद्ध पेटलं. तोवर एल्फिन्स्टन पुण्याचा रेसिडेंट झाला होता. ५ नोव्हेंबरला खडकीला लढाई झाली त्या दिवशी संगमावरचा त्याचा बंगला मराठ्यांनी जाळला आणि त्याचा ग्रंथसंग्रह राख झाला. बाजीराव पळत राहिला. कोरेगाव, आष्टी, मग थेट पूर्वेला चांद्याच्या बाजूला, तिथून पुन्हा माघारी. बरोबर बायका, पालख्या, जवाहिराच्या पेट्या, उरलासुरला खजिना. त्या पळापळीत पेशव्यांचं सोनं कुठे कुठे पुरलं गेलं, याच्या कथा आज पुण्यापासून वऱ्हाडापर्यंत प्रत्येक मुक्कामाच्या गावी आहेत. ३ जून १८१८ला तो शरण आला, असीरगडाजवळ धोळकोटला. नकाशा उघडून पाहा, बुलढाण्याच्या सरळ उत्तरेला, तापी ओलांडली की ती जागा येते. शरणागती घेणारा अधिकारी होता जॉन माल्कम. त्याने वर्षाला आठ लाखांची नेमणूक कबूल केली, आणि बाजीराव बिठूरला जाऊन १८५१पर्यंत जगला.

मागे राहिलं ते धन. १० मे १८१८ला रायगड पडला. शिवछत्रपतींच्या राजधानीत तेव्हा बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई होती, आणि इंग्रजांना तिथे नाण्यांत पाच लाख रुपये मिळाले. नाशिककडच्या जवाहिरात एक मोठा हिरा मिळाला. तो त्र्यंबकेश्वराच्या देवळातला, असं परंपरा सांगते. आज जगभर तो ‘नासक’ नावाने ओळखला जातो. तेव्हा तो नव्वद कॅरटच्या आसपासचा होता. इंग्रज अधिकारी ब्रिग्ज याच्या हातून तो गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्जकडे आणि तिथून लंडनच्या सराफाकडे गेला. त्याची कड घासून त्याला नवी चमक आणली गेली. १८३७ला वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने तो विकत घेतला. पुढे अमेरिकेत १९४०मध्ये त्याचा पुन्हा पैलू पाडला गेला आणि आता तो मूळच्या निम्म्यावर आला आहे. देवाच्या दागिन्यातला हा खडा प्रत्येक हाताबरोबर थोडा थोडा झिजत गेला.

पण हिऱ्याहूनही बोलका आहे तो नारोबा गोविंदाचा खटला. इंग्रजी कागदांत त्याचं आडनाव ‘औटिया’ असं येतं. तो पेशव्यांचा खजिनदार, रायगड ज्याच्या भरवशावर होता तो किल्लेदार. गड खाली करून तो पुण्यात आला. शहर इंग्रजांच्या ताब्यात येऊन आठ महिने झाले होते, बाजीराव शरण गेला होता. आणि १८१८च्या जुलैत पुण्याचा कलेक्टर रॉबर्टसन याने त्याच्या घरावर पहारा बसवून घरातलं सोनं-नाणं जप्त केलं. म्हणणं असं, की हा पेशव्यांचा सरकारी खजिना आहे, म्हणून विजेत्यांचा. नारोबाचं म्हणणं, हे माझं खासगी.

नारोबा वारला, पण त्याच्या मृत्युपत्राचे कारभारी गप्प बसले नाहीत. अमरचंद बद्रीचंद यांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला. प्रतिवादी कोण? मुंबई इलाख्याचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. असईच्या रानातला तो तरुण आता ज्या राज्याचा कारभारी होता, त्याच राज्याच्या कोर्टात एका मेलेल्या मराठी खजिनदाराच्या दाव्यात प्रतिवादी म्हणून उभा केला गेला. आणि कोर्टाने निकाल नारोबाच्या बाजूने दिला. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पराभूत राज्याच्या माणसाने तलवार खाली ठेवल्यावर कायद्याचा कागद उचलला, आणि काही काळ का होईना, तो जिंकला.

अपील लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे गेलं. १८३०मध्ये तिथे निकाल फिरला. जुलै १८१८मध्ये लढाई धगधगत नसली तरी विझलेली नव्हती, म्हणून ही जप्ती युद्धातली, आणि युद्धातल्या जप्तीवर दिवाणी कोर्टाला हात घालता येत नाही, असा त्याचा आशय. ‘एल्फिन्स्टन विरुद्ध बद्रीचंद’ हे नाव कायद्याच्या पुस्तकांत आजही आहे. पुण्यातल्या एका घरातलं सोनं खासगी होतं की सरकारी, हा मूळ प्रश्न मात्र तसाच राहिला. कोर्टाने तो सोडवला नाही, आपल्या दाराबाहेर ठेवला.

आणि हे धन जिंकणाऱ्यांच्या हाती तरी सुखाने पडलं का? दख्खनच्या लुटीवर दोन फौजांनी हक्क सांगितला. एक सर थॉमस हिस्लॉपची दख्खनची फौज, दुसरी खुद्द गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्जची मोठी फौज. ज्याने प्रत्यक्ष हस्तगत केलं त्याचं, की ज्याच्या हुकुमामुळे ते शक्य झालं त्याचं? एकेका किल्ल्याचा, एकेका पेटीचा हिशेब लंडनपर्यंत गेला. अर्ज, प्रतिअर्ज, वकील, राजाचे हुकूम. वर्षानुवर्षे ते चालू राहिलं. ज्या शिपायांनी मे महिन्याच्या उन्हात तोफा ओढल्या त्यांतले कितीतरी वाट्याची वाट पाहतच मेले. या ‘डेक्कन प्राइझ’चे विश्वस्त म्हणून ज्या दोघांना नेमलं, त्यांतला एक चार्ल्स आर्बुथनॉट. दुसरा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. खेळणेच्या उताराचा अंदाज एका नजरेत बांधणारा माणूस लंडनला बसून या वाटणीच्या वह्या तपासत होता.

डॉब्सचं काय झालं, ते चित्रपट पाहिलेल्यांना ठाऊक आहे. तो सगळं सोनं घेऊन एकटा पळाला आणि पाण्याच्या डबक्याशी दरोडेखोरांनी त्याला मारलं. त्यांना हवी होती गाढवं आणि कातडी. पिशव्यांतली भुकटी ही वजन वाढवायला भरलेली वाळू आहे, असं समजून त्यांनी पिशव्या फाडल्या. मग वादळ उठलं आणि सोनं ज्या डोंगरातून आलं होतं त्या डोंगराकडे उडून गेलं.

आमच्या घाटमाथ्यावर सोनं उडालं नाही. ते विकलं गेलं, वितळलं, घासलं गेलं, कागदांवर खर्ची पडलं. मागे राहिलं ते, ज्याला त्या दिवसांत कुणी धन म्हटलंच नाही. १८०३च्या शेवटी अजिंठ्याच्या कोटात कण्हत पडलेल्या गोऱ्या शिपायांपासून लेणी थोड्याच मैलांवर होती. वाघूर नदीच्या, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या दरीत, झाडोऱ्याखाली. सोळा वर्षांनी, २८ एप्रिल १८१९ला, शिकारीला आलेला जॉन स्मिथ दहाव्या लेण्यात शिरला आणि चित्राच्या अंगावर आपलं नाव कोरून गेला.

किंवा भोकरदन. जिथे दोन फौजांनी मिळून मराठ्यांना गाठायचं ठरवलं होतं, तेच भोकरदन. त्याचं जुनं नाव भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर भोगवर्धनच्या दात्यांची नावं कोरलेली आहेत, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथली माणसं मिळवलेलं पुरत नव्हती, दूरच्या स्तूपाच्या दगडाला देत होती. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी इथे उत्खनन केलं. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांचं ते काम. जुन्या वस्तीच्या पांढरीत त्यांना मणी, शंखाच्या बांगड्या, मृण्मूर्ती मिळाल्या, आणि एक हस्तिदंती स्त्रीप्रतिमा मिळाली. तशीच एक हस्तिदंती स्त्री १९३८ साली इटलीत पाँपेईच्या राखेखालून निघाली होती, इ. स. ७९ला व्हेसूव्हियसने पुरलेल्या घरातून. भोकरदनच्या मूर्तीशी तिचं असलेलं साम्य पाहून, पाँपेईची मूर्ती याच बाजूच्या कारागिरांनी घडवली असावी, असं अभ्यासक मानू लागले. धाडच्या शिवेपलीकडच्या या गावाचा हात एका रोमन दिवाणखान्यापर्यंत पोचला होता. हे धन कुठल्याही पायाळूला दिसलं नसतं.

२०२४च्या जूनमध्ये आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजाला, लखुजी जाधवांच्या समाधीजवळ पुरातत्त्व खात्याचं काम चालू असताना शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली, १.७० मीटर लांब, पायाशी लक्ष्मी. गाव लोटलं. मोहोरा निघाल्या का, असं कुणी विचारलं असेलही. पण ज्यांनी त्या दगडाच्या भिजल्या कडेवरून हात फिरवला त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद हंडा सापडल्याचा नव्हता.

कायदाही आहे, तो सांगायला हवा. १८७८चा निखात निधी अधिनियम अजून लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवलं पाहिजे. मालक पुढे आला नाही आणि सरकारने ते घेतलं नाही, तर शोधणाऱ्याला तीन हिस्से, जागेच्या मालकाला एक. एका साध्या ओळीत सांगितलेली वाटणी, जी डेक्कन प्राइझवाल्यांना जमली नव्हती. आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या नावाने केलेल्या अघोरी कृत्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तो का करावा लागला, हे कळायला परभणी जिल्ह्यातलं मानवत आठवावं. १९७२ ते १९७४, ऐन दुष्काळात, पिंपळाखालच्या धनासाठी तिथे लहान मुलींचे आणि बायकांचे बळी घेतले गेले. रमाकांत कुलकर्णींनी त्याचा तपास लावला. त्याहून जास्त लिहिण्याची माझी इच्छा नाही.

पहिला मोठा पाऊस झाला की भोकरदनच्या पांढरीवरून पाण्याचे ओघळ वाहतात. माती खाली जाते, दगड वर येतात. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की मुलं तिथे वाकून हिंडतात. कधी हिरवट पडलेलं एखादं तांब्याचं नाणं दिसतं. बहुतेक वेळा मणीच मिळतात, अकीकाचे, भाजलेल्या मातीचे, मधोमध बारीक भोक असलेले. एखादा मुलगा मणी शर्टाला पुसतो, भोकातली माती काडीने काढतो आणि डोळ्याला लावून पलीकडचं आभाळ पाहतो.